कुरोदा-सानच्या नावानं दौलतजादा

माझ्या धाकट्या बहिणीने मला जपानला बोलावलं ते एका अटीवर. तिथे मी कुणालाही टीप द्यायची नाही.

"कुणालाही म्हणजे कुणालाही, दादा," नंदिनी फोनवर म्हणाली. "वेटर नाही, ड्रायव्हर नाही, बॅग उचलणारा नाही. इथे तो अपमान समजतात."

"पैसे दिले म्हणून अपमान?"

"हो."

"मग अशा देशात तू राहतेस कशी?"

नंदिनी, तिचा नवरा शिरीष आणि मुलगी ईरा तोक्योच्या पूर्वेला एदोगावा भागात राहतात. दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. मी सांगलीचा. साड्यांचं दुकान आहे आणि उरलेल्या वेळात हौशी रंगभूमीवर राजे, दारुडे आणि फौजदार उभे करतो. माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाणारा आवाज ही माझी एकमेव खरी मालमत्ता. बाकी सगळं बँकेकडे गहाण आहे.

टिपेच्या बाबतीत माझं स्वतःचं घराणं आहे. बिलाच्या पुस्तकात नोट कोंबून न बघता उठून जाणारी माणसं मला पडदा पडायच्या आत पार्किंगकडे पळणाऱ्या प्रेक्षकांसारखी वाटतात. मी नोटेची बारीक घडी करतो, वेटरशी हात मिळवतो, नोट त्याच्या तळव्यात सरकवतो आणि डोळ्यांत बघून म्हणतो, "लेकरांना खाऊ." त्याचं लग्न झालेलं नसलं तरी म्हणतो. अशा माणसाला हात बांधून परदेशी पाठवायचं म्हणजे गवयाला तोंडावर पट्टी लावून मैफलीत बसवण्यासारखं. तरी मी वचन दिलं. सख्ख्या बहिणीला दिलेलं वचन विमानतळाबाहेर पडेपर्यंत तरी पाळावं, असं माझं मत आहे.

मी बरोब्बर तेवढंच पाळलं.

विमानतळावरच्या टॅक्सीचं दार आपोआप उघडलं. मी हाताने उघडायला गेलो, तर ड्रायव्हर असा दचकला, जणू मी गाडीचा एक अवयव ओढतोय. पांढरे हातमोजे, टोपी, सीटवर इस्त्रीची पांढरी कव्हरं. आमच्याकडे एवढी सजावट फक्त नवरदेवाच्या गाडीला असते, तीसुद्धा परत करायच्या बोलीवर. उतरताना मी वरचे सुटे पैसे राहू द्या, अशी खूण केली. तो हसला आणि नाणी एका छोट्या तबकात मोजून ठेवू लागला. मी तबक त्याच्याकडे सरकवलं. त्याने माझ्याकडे सरकवलं. मी पुन्हा त्याच्याकडे. शेवटी मला न्यायला आलेला शिरीष मध्ये पडला, नाणी माझ्या खिशात घालून मला खेचत घेऊन गेला.

"दादा, तुम्हाला नंदिनी काही बोलली नव्हती का?"

"बोलली होती. तपासून बघत होतो."

दुसऱ्या दिवशी शिरीष मला स्टेशनजवळच्या नूडल्सच्या दुकानात घेऊन गेला. तिथे दारातच एक यंत्र. पदार्थाचं बटण दाबायचं, पैसे यंत्रात टाकायचे, चिठ्ठी घेऊन आत जायचं. माणसाचा पैशाशी संबंधच नाही! वाडगा अप्रतिम होता. वर भाजलेल्या मांसाचा तुकडा, अर्धं अंडं आणि असा रस्सा, की घोट घेतल्यावर मी नकळत "वाहवा" म्हटलं आणि काउंटरवरच्या सगळ्यांनी माना वर केल्या. आता ही वाहवा पोचवायची कुणाला? यंत्राला? तरी मी निघताना एक नाणं यंत्राच्या डोक्यावर ठेवलंच. दोन दिवसांनी पुन्हा गेलो, तर नाणं तिथेच होतं, एका छोट्या पारदर्शक पिशवीत, चिठ्ठीसकट. शिरीषने वाचून दाखवलं, "विसरलेली वस्तू."

"घ्या तुमची वस्तू," तो म्हणाला, "आणि या वयात वस्तू विसरत जाऊ नका."

इथवर सगळी गंमत होती. पुढे मी बहिणीचं घर जवळजवळ घालवलं.

झालं असं, की स्वयंपाकघरातला नळ ठिबकायला लागला. नंदिनीचं घर दुमजली इमारतीत वरच्या मजल्यावर आहे आणि खाली राहतात ओओया-सान (घरमालकीणबाई). त्यांचं नाव कुरोदा, आदरानं कुरोदा-सान. सत्तरीच्या, काटकुळ्या, राखाडी स्वेटर, राखाडी केस आणि नजरही राखाडीच. नंदिनीने त्यांना कळवलं आणि त्यांनी त्याच दुपारी नळवाला पाठवला. घरी मी एकटा होतो.

आता या नळवाल्याचं वर्णन केल्याशिवाय तुम्ही मला माफ करणार नाही. तो दारात बूट काढून आत आला. पायांत पांढरेशुभ्र मोजे. त्याने आधी जमिनीवर चादर अंथरली, मग चादरीवर हत्यारं एका ओळीत मांडली. मी स्टूल ओढून पहिल्या रांगेत बसलो. त्याने नळ खोलला, आतला झिजलेला रबर काढून चिमटीत धरून मला दाखवला, मी हळहळलो. नवा बसवला. नळ उघडला, बंद केला, मान तिरकी करून थेंबाची वाट बघितली. थेंब आला नाही. मग त्याने सिंक पुसला, जो त्याने ओला केलाच नव्हता. असा प्रयोग मी बऱ्याच वर्षांत बघितला नव्हता.

मी नोट काढली. त्याने दोन्ही हातांची फुली केली. मी "खाऊ" म्हटलं. त्याने पुन्हा फुली केली. मग तो मोरीतला नळही एकदा बघून यायला गेला आणि मी त्याच्या पेटीत, सर्वांत मोठ्या पान्ह्याखाली, नोट सरकवली. चोरी मी कधी केलेली नाही, पण ही उलट्या दिशेची चोरी करताना छाती तेवढीच धडधडली. तो गेला आणि मी स्वतःवर खूश होऊन चहा टाकला.

संध्याकाळी नंदिनी घरी आली आणि पाठोपाठ दारावर कुरोदा-सान. हातात पांढरं पाकीट, दोन्ही हातांनी धरलेलं. त्या कमरेत वाकल्या, हळू आवाजात काही वाक्यं बोलल्या, पाकीट नंदिनीच्या हातात दिलं, पुन्हा वाकल्या आणि गेल्या. आवाज जराही चढला नाही. पण नंदिनीचा चेहरा बघून ईरा टेबलावरून उठली, माझ्याकडे बघून "मामा, दामे" (असं नाही करायचं) म्हणाली आणि आपल्या खोलीत गेली.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

नंदिनी पाकीट टेबलावर ठेवत म्हणाली, "म्हणाल्या, या घरातल्या कामाचे पैसे मी देते. तुमच्या भावांना ते कमी वाटले असतील, तर मला माफ करा. नळवाला वीस वर्षं माझ्याकडे येतो, आज तो पैसे परत द्यायला आला तेव्हा माझ्याकडे बघत नव्हता."

"अगं, पण मी त्याला..."

"थांब, पुढे ऐक. म्हणाल्या, कराराचं मी विचार करून सांगते."

"मग करू दे की विचार."

"दादा!" ती ओरडली, म्हणजे ओठांनी ओरडली, आवाज फुटू दिला नाही. "इथे 'विचार करून सांगते' म्हणजे नाही!"

मग मला कळलं ते असं. त्यांचा भाडेकरार ठरावीक मुदतीचा होता आणि या महिनाअखेर संपत होता. पुढे द्यायचा की नाही, ते सर्वस्वी कुरोदा-सानच्या मर्जीवर. हे घर मिळवताना नंदिनीने कितीतरी दलालांच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. दलाल तिच्यासमोर मालकाला फोन लावायचा, "परदेशी आहेत" म्हणायचा, मग ऐकत राहायचा आणि फोन ठेवून तिच्यापुढे वाकायचा. एकट्या कुरोदा-सान हो म्हणाल्या होत्या. ईराची शाळा सायकलच्या अंतरावर. हे घर गेलं तर पुन्हा तीच फोनाफोनी, कदाचित शाळाही बदलायची.

"त्यांना घर घेताना काही दिलं होतंस का?" मी विचारलं. दुकानदार आहे, सवय जात नाही.

"रेइकिन दिलं होतं. सगळेच देतात."

"ते काय असतं?"

"आभाराचे पैसे. घर दिल्याबद्दल मालकाला. परत मिळत नाहीत."

"म्हणजे टीप!"

"ती टीप नाही, ती पद्धत आहे."

"आणि मी दिली ती?"

"ती आमची वाट लावणं आहे," शिरीष शांतपणे म्हणाला आणि मी गप्प बसलो. मी गप्प बसलो याची कौटुंबिक इतिहासात नोंद व्हावी.

जपानमध्ये माफी मागायला मिठाईचा खोका घेऊन जातात. नंदिनीने तो आणला. लाल चवळीच्या गोड सारणाच्या वड्या, एकेक वडी वेगळ्या कागदात, मग खोका, मग त्यावर कागद, मग दोरी, मग पिशवी. तिने मला एक वाक्य पाठ करून घेतलं, "गोमेइवाकु ओ ओकाके शिमाशिता" (तुम्हाला माझ्यामुळे त्रास झाला). मी ते आरशासमोर तीन प्रकारे करून बघितलं. तिसऱ्या वेळी गळा दाटून आला.

"गळा दाटायचा नाही," दिग्दर्शिका म्हणाली. "उद्या दुपारी खाली जायचं, बेल वाजवायची, वाकायचं, वाक्य म्हणायचं, खोका द्यायचा, वर यायचं. एक शब्द जास्त बोलायचा नाही. आणि दादा, पैशाला हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खोका घेऊन जिना उतरलो, तर कुरोदा-सान फाटकातून बाहेर पडत होत्या. मी हाक मारणार, तोच थांबलो. राखाडी स्वेटर गायब. अंगात पिवळसर कोट, डोक्यावर छोटी टोपी आणि ओठांवर, देवाशपथ सांगतो, केशरी लिपस्टिक! चालही बदललेली. त्या कोपऱ्यावरच्या बसमध्ये चढल्या आणि मी खोका छातीशी धरून धावत मागच्या दाराने चढलो. बसमध्ये सगळे असे बसले होते जणू शोकसभा आहे. अशा ठिकाणी माझं वाक्य म्हणजे स्फोटच झाला असता. म्हटलं, उतरल्यावर गाठू.

त्या उतरल्या ते एका जुन्या बाजारगल्लीत. लोणच्यांची पिंपं, मोज्यांचे ढीग, भाजलेल्या रताळ्यांचा वास. मी मागे. त्या एका इमारतीपाशी वळल्या आणि माझे पाय जमिनीला खिळले. दारात दोन्ही बाजूंना उंच रंगीबेरंगी निशाणं फडफडत होती, त्यांवर मोठाली अक्षरं, आणि मधोमध पांढरा चेहरा रंगवलेल्या एका देखण्या नटाचं चित्र. भाषा येत नसली म्हणून काय झालं? कंपनी मुक्कामाला आली आहे, हे मला सांगावं लागत नाही. तिकीट काढताना मी मनाशी म्हणालो, खोका द्यायला तर जायलाच हवं. तुम्हीही तसंच समजा.

त्याला ताइशू एंगेकी (साध्या लोकांचं नाटक) म्हणतात, हे मला नंतर कळलं. या मंडळ्या गावोगाव हिंडतात आणि एकेका ठिकाणी महिनाभर खेळ करतात. आत बुटक्या खुर्च्या, मांडीवर बेंतो (जेवणाचे डबे) उघडलेल्या आज्या आणि एवढा कलकलाट, की मला वाटलं मी घरी पोचलो. या देशातला सगळा आवाज त्यांनी इथे आणून साठवला होता. कुरोदा-सान दुसऱ्या रांगेत कडेला. मी तीन रांगा मागे, शेजारी एक गोलमटोल आजी, तिने न विचारता मला संत्र्याची फोड दिली.

पहिलं नाटक तलवारींचं. एक चोर, त्याची आंधळी आई, ताटातूट, ओळख पटणं, मरण. मला एक शब्द कळला नाही आणि मी दोनदा डोळे पुसले. मग मध्यंतरानंतर नाच. संगीत मोठं झालं, दिवे निळे झाले आणि मघाचा चोर बाईच्या वेषात आला. काळा किमोनो, उघडी मान, हातात छत्री. तो मान नुसती वळवायचा आणि पाच रांगा उसासायच्या.

आणि मग ते घडलं. पहिल्या रांगेतल्या एक आजी उठल्या, रंगमंचाच्या कडेपाशी गेल्या. नट नाचता नाचता गुडघ्यावर बसून पुढे झुकला आणि आजींनी त्याच्या किमोनोच्या गळ्याला चिमट्याने एक नोट लावली. मोठी नोट! मग दुसऱ्या उठल्या. मग तिसऱ्या. तो पुन्हा उभा राहून नाचू लागला आणि छातीवर नोटा पिसांसारख्या थरथरू लागल्या.

मी खुर्चीवरून अर्धा उठलो. आठवडाभर ज्या देशात माझी नाणी पिशवीत घालून मला परत करत होते, त्या देशात दिवसाढवळ्या दौलतजादा चालली होती! हे मला कुणी सांगितलं नाही. ना बहिणीने, ना मेव्हण्याने, ना विमानातल्या माहितीपुस्तकाने. तरुणपणी मी जत्रेत, संगीतबारीत हे बघत वाढलो. पैसे द्यायचे, नाव सांगायचं आणि नाचणारीने ते नाव घेऊन मुजरा करायचा. दोस्ताची फिरकी घ्यायची असली, तर पैसे आपण द्यायचे आणि नाव त्याचं सांगायचं. सगळा तंबू त्याच्याकडे वळला, की तो खुर्चीत तोंड लपवायचा, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा आपल्याच शेजारी येऊन बसायचा.

तेवढ्यात कुरोदा-सान उठल्या. हातात चिमटा, चिमट्यात नोट. नोट लावून झाल्यावर त्या एवढ्या वाकल्या, की टोपी पडता पडता राहिली. त्या वळल्या तोच, मधल्या रांगेतून जांभळ्या जाकिटातली एक भरभक्कम बाई उठली. तिने एक नाही, नोटांचा चक्क पंखा लावला. आणि तिच्याबरोबरच्या बायकांनी नटाच्या नावाचा असा पुकारा केला, की छप्पर हललं. कुरोदा-सान हळूच आपल्या जागी जाऊन बसल्या. मला त्यांची पाठ दिसत होती. अशी पाठ मी ओळखतो. हरलेल्या माणसाची असते.

मला पुढचं सांगताना आवडतंय, हे लपवत नाही. मी शेजारच्या आजीकडे बघून चिमट्याची खूण केली. तिने डोळे मिचकावून पर्समधून एक काढून दिला. मी रंगमंचाशी गेलो. नट झुकला, एक टक्कल पडलेला परदेशी माणूस बघून त्याची एक भुवई वर गेली. मी नोट लावली, दोन पावलं मागे झालो, हात लांब करून दुसऱ्या रांगेकडे दाखवलं आणि सांगलीच्या नाट्यगृहात वापरतो तो आवाज काढला.

"कुरोदा-सान!"

बेंतोतले घास अर्ध्यावर राहिले. क्षणभर मला नंदिनी दिसली, ईरा दिसली, रस्त्यावर मांडलेलं त्यांचं सामान दिसलं. पैशाला हात लावायचा नाही, ती म्हणाली होती.

पण नट हा शेवटी नटच. त्याने माझ्याकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि त्याला कळलं. तो छत्री मिटत, छोटी पावलं टाकत थेट कुरोदा-सानच्या समोर आला, गुडघे टेकले, दोन्ही तळवे जमिनीवर ठेवले आणि कपाळ जवळजवळ फळ्यांना लावत सावकाश नमस्कार केला. एकट्या त्यांना. टाळ्यांचा कडकडाट झाला. जांभळं जाकीट टाळ्या वाजवत नव्हतं. कुरोदा-सान रुमालामागे नाहीशा झाल्या होत्या.

खेळ संपल्यावर त्यांनी मला गल्लीतल्या बाकाजवळ गाठलं. लिपस्टिक पुसली गेली होती. मी घाईघाईने वाकलो, वाक्य म्हटलं आणि खोका पुढे केला. त्यांनी खोक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पर्समधून फोन काढला. त्या फोनमध्ये बोलायच्या आणि फोनमधली बाई ते मराठीत सांगायची.

"हा खोका नळासाठी आहे की आजसाठी?" फोनमधल्या बाईने विचारलं.

"नळासाठी. आजसाठी आणला नाही."

त्यांनी पर्समधून नोट काढून दोन्ही हातांनी पुढे केली. "तुम्ही दिलेले पैसे परत घ्या."

"कसे घेऊ? माझे नव्हतेच. तुमच्या नावानं गेले. परत मागायचे तर त्याच्याकडे मागा."

त्यांनी नोट पुन्हा पर्समध्ये ठेवली. मग बाकावर बसल्या. मीही बसलो, मध्ये खोका. थोड्या वेळाने त्यांनी तो उघडला, एक वडी मला दिली, एक स्वतः घेतली. अशा रीतीने आम्ही दोघांनी माझी माफी खायला सुरुवात केली.

"नळवाल्याला पैसे का दिले?" त्यांनी विचारलं.

"त्याने काम फार सुंदर केलं. मला टाळ्या वाजवायच्या होत्या."

"मग टाळ्या वाजवायच्या," फोनमधली बाई रुक्षपणे म्हणाली. कुरोदा-सान वडी चघळत समोर बघत होत्या. मग सावकाश बोलल्या. "पैसे दिले, की त्याला तुमच्यासमोर वाकावं लागतं. तो नको म्हणाला, तरी तुम्ही पेटीत टाकले. मी त्या मुलाला पैसे देते, तेव्हा मी वाकते. पैसे देऊन मला वाकायला मिळतं. तुम्हाला फरक दिसतो?"

मी आयुष्यात दिलेल्या टिपा झरझर डोळ्यांपुढून गेल्या. सगळ्यांमध्ये ताठ मीच उभा होतो. मी आणखी एक वडी घेतली.

"पण मघाशी तो वाकला, तुमच्यासमोर," मी म्हणालो.

फोनने ते जपानीत सांगितलं आणि कुरोदा-सानचे कान लाल झाले. त्यांनी वडीच्या कागदाची नीट घडी करून ती पर्समध्ये ठेवली. मग त्यांनी सांगितलं, की त्या एका मैत्रिणीबरोबर यायच्या. पुकारा मैत्रीण करायची, आवाज तिचा. मैत्रीण आता दूर मुलीकडे राहायला गेली. एकट्या बाईने स्वतःच ओरडायचं, हे त्यांना जमत नाही. जांभळं जाकीट मात्र सुनांना घेऊन येतं.

"तुम्ही परत कधी जाणार?"

"शनिवारी."

"वाईट," फोनमधली बाई म्हणाली. हे मी इथे ऐकलेलं सर्वांत प्रामाणिक मत. मग पुढचा प्रश्न आला. "तुमच्या बहिणीचा आवाज कसा आहे?"

वाचकहो, तुम्ही माझ्या जागी असता, तर काय सांगितलं असतं?

"माझ्यापेक्षा मोठा," मी म्हणालो.

संध्याकाळी नंदिनी दारातच उभी होती. "खोका दिलास?"

"दिला."

"घेतला त्यांनी?"

"घेतला. अर्धा संपलाही."

"अर्धा? दादा, काय केलंस तू?" तेवढ्यात बेल वाजली.

कुरोदा-सान राखाडी स्वेटरमध्ये, राखाडी नजरेने उभ्या होत्या. दोन्ही हातांत कागद. नंदिनी दारातच गुडघ्यांवर बसली, शिरीष तिच्या मागे वाकला. मी भिंतीला टेकून श्वास रोखला, कारण बाकावर करार हा शब्द कुणीच काढला नव्हता. कुरोदा-सान नेहमीच्या हळू आवाजात बोलल्या. नंदिनी ऐकता ऐकता पुटपुटत आम्हाला सांगू लागली.

"करार देते म्हणतायत... पूर्ण मुदतीचा..." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "पण एक अट आहे." पाणी तिथेच थांबलं. "महिन्यातल्या एका रविवारी मी त्यांच्याबरोबर जायचं, ती मंडळी जिथे मुक्कामाला असेल तिथे. नाटकाला. आणि..." ती थांबली. तिने जपानीत परत विचारलं. कुरोदा-सानने मान हलवून ते परत सांगितलं. "आणि मी ओरडायचं."

"काय करायचं?" शिरीष म्हणाला.

"ओरडायचं. जोरात. नटाचं नाव. सगळ्या थिएटरला ऐकू जाईल असं." ती माझ्याकडे वळली. "दादा, मी चार वर्षं या घरात मिक्सर टॉवेलात गुंडाळून लावते. शेंगदाणे शेजारच्या बागेत जाऊन कुटावेत का, असा विचार मी केलाय. या बाई मला ओरडायला सांगतायत? कुणी सांगितलं यांना, की मला ओरडता येतं?"

"मला तर माहीत आहे," शिरीष म्हणाला, "पण मी कुणाला बोललो नाही."

कुरोदा-सान वाट बघत होत्या. चेहऱ्यावर काही नव्हतं. फक्त स्वेटरच्या खिशाला एक नवा चिमटा लावलेला होता, नोट लावायचा. करार कुणाला जास्त हवा होता, हे त्या क्षणी त्या दारात मला एकट्यालाच माहीत होतं. नंदिनी कमरेत वाकली आणि "हाय" (हो) म्हणाली, तेही कुजबुजत. कुरोदा-सानने मान हलवली. एवढ्याने चालणार नाही, अशा अर्थी. नंदिनीने श्वास घेतला.

"हाय!"

खोलीतून ईरा धावत आली. कुरोदा-सान पहिल्यांदाच हसल्या आणि कागद पुढे केला.

शनिवारी मला विमानतळावर सोडणाऱ्या टॅक्सीवाल्याने पुन्हा नाणी तबकात मोजून ठेवली. मी ती मुकाट्याने उचलली आणि त्याच्यासमोर नीट वाकलो. तो वाकला. मी पुन्हा वाकलो. तोही. मागच्या गाडीवाल्याला कुठेतरी पोचायचं होतं, म्हणून आम्ही थांबलो.

सांगलीला आल्यापासून मी टीप देणं सोडलेलं नाही, आणि सोडेन असं ढोंगही करणार नाही. पण आता नोट देताना मी थोडा वाकतो. नेहमीच्या हॉटेलातल्या वेटरने पहिल्या दिवशी घाबरून विचारलं, "काका, कंबर धरली का जपानात?" मी हो म्हटलं. खरं सांगितलं असतं, तर त्याने मालकाला बोलावलं असतं.

परवा, महिन्यातल्या त्या रविवारी, नंदिनीचा फोन आला. पलीकडून फक्त फिस्स असा आवाज येत होता.

"कोण बोलतंय? नंदू, घसा बसलाय का तुझा?"

"जांभळीने," ती फिसफिसली, "आज नणंदसुद्धा आणली होती. चार जणी होत्या, दादा. तरी तो आमच्याच समोर वाकला." मागून जपानीत कुणीतरी घाईने काही बोललं. "थांब, कुरोदा-सान विचारतायत, आवाज लगेच परत यायला आपल्याकडे काय घेतात?"

"मध आणि आलं. पण घाई काय, पुढचा खेळ महिन्याने ना?"

"नाही रे," बहीण म्हणाली, "संध्याकाळचा अजून व्हायचाय."